घरातील स्पीकरला किती वॅटचा ॲम्प्लिफायर जोडावा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागात गणपती जवळ आले की आवाजाची चर्चा ‘डॉल्बी’वरून सुरू होते आणि हजारो वॅटच्या आकड्यांवर जाऊन थांबते. त्या आकड्यांची कानाला सवय झालेला माणूस घरासाठी हाय-फाय संच घ्यायला निघतो, तेव्हा दुकानात त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटचा आहे?’ प्रश्न योग्यच आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. त्याआधी स्पीकर किती सहज वाजतो, आपण त्यापासून किती अंतरावर बसतो आणि आपण काय ऐकतो, हे ठरवावे लागते. ते ठरले की वॅटचा आकडा आपोआप निघतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या कल्पनेपेक्षा बराच लहान असतो.

मी हे नुकसान सोसून शिकलो. बेळगावच्या शहापुरातील आमच्या कौलारू घरात स्पीकरवर 100 वॅट असे छापलेले होते आणि ॲम्प्लिफायर 20 वॅटचा होता. एवढ्याशा ॲम्प्लिफायरने एवढ्या मोठ्या स्पीकरचे काय बिघडणार, या समजुतीने घरच्या एका बारशाला मी आवाज शेवटपर्यंत चढवला. आवाज फाटू लागला होता, पण पाहुण्यांच्या गडबडीत तिकडे लक्ष दिले नाही. तासाभरात दोन्ही ट्विटर, म्हणजे पेटीतील वरचे स्वर वाजवणारे छोटे स्पीकर, गेले. नंतर उघडून पाहिले, तर केसासारख्या बारीक तारेची कॉइल काळी पडली होती, वार्निश जळल्याचा वास येत होता आणि मल्टिमीटरचा काटा जागचा हलला नाही.

याचे कारण समजून घेणे फार आवश्यक आहे. ॲम्प्लिफायर जितके व्होल्ट देऊ शकतो, त्यापेक्षा अधिक मागितले की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. टेकडीचा माथा कापून सपाट करावा तसे. यालाच क्लिपिंग म्हणतात. अशा छाटलेल्या लहरीत मूळ संगीतात नसलेले वरच्या पट्टीचे स्वर तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. शिवाय 20 वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण छाटला जाईपर्यंत रेटला, तर तो जवळजवळ 40 वॅटपर्यंत शक्ती बाहेर टाकू शकतो. त्यातच खालचे स्वर छाटले जाऊन आहे तेथेच थांबतात आणि आवाज वाढवू तसे वरचे स्वर मात्र चढत राहतात. स्पीकरवर छापलेले 100 वॅट हे पूर्ण पेटीसाठी असतात, कारण संगीतातील बहुतेक शक्ती खालच्या स्वरांत असते आणि ती वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, सोसतो. एकट्या ट्विटरच्या वाट्याला सतत सोसता येतील असे त्यातले थोडेच वॅट येतात. म्हणून स्पीकरवरचा आकडा ही सहनशक्तीची मर्यादा समजावी. तेवढे वॅट दिलेच पाहिजेत, असा त्याचा अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याच्या एककात, दिलेली असते. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती आवाज होतो, हे ती सांगते. घरगुती स्पीकर साधारण 84 ते 91 डेसिबलच्या दरम्यान असतात. येथे एक खुबी लक्षात ठेवावी. काही पत्रकांत ‘एक वॅट’ऐवजी ‘2.83 व्होल्ट’ असे लिहिलेले असते. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचे माप. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॅटच, पण 4 ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच व्होल्टला 2 वॅट जातात. म्हणून 4 ओहमच्या स्पीकरचा असा आकडा असेल तर त्यातून 3 डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

समजा, 12 फूट बाय 14 फुटांची खोली आहे, स्पीकर 86 डेसिबलचे, 8 ओहमचे आहेत आणि आपण 3 मीटरवर बसतो. उघड्या मैदानात 3 मीटरवर आवाज साडेनऊ डेसिबलने उतरला असता, पण खोलीत भिंती आवाज परत देतात, म्हणून 6 डेसिबल धरणे पुरेसे आहे. दोन स्पीकर असल्याने 3 डेसिबल मिळवायचे. म्हणजे प्रत्येक बाजूला 1 वॅट दिला की बसल्या जागी 83 डेसिबल मिळतात. घरात 80 डेसिबल सरासरी म्हणजे चांगला भरदार आवाज झाला आणि त्यासाठी प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा वॅट लागतो.

तरीही अर्ध्या वॅटचा ॲम्प्लिफायर चालत नाही, कारण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, पखवाजाचा बोल किंवा भजनातील टाळांचा एकत्र पडणारा ठोका क्षणभर सरासरीच्या 15 ते 20 डेसिबल वर जातो. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे ऐकताना हे स्पष्ट जाणवते. हळुवार आलेला स्वर एकाएकी धारदार होऊन उठतो, आणि ॲम्प्लिफायरकडे त्या क्षणापुरती ताकद नसेल तर नेमकी तीच जागा बोथट होते. 3 डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात आणि 10 डेसिबलला दहापट. वरच्या उदाहरणात 15 डेसिबलच्या उसळीसाठी सुमारे 16 वॅट लागतात, तर 20 डेसिबलसाठी सुमारे 50. हेच स्पीकर 90 डेसिबलचे असते तर 50 वॅटचे काम 20 वॅटमध्ये भागले असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की खर्चाला मर्यादा असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर आणि मध्यम ॲम्प्लिफायर हीच जोडी घ्यावी.

खोलीप्रमाणे थोडी तडजोड करावी लागते. माळा नसलेल्या कौलारू घरात आवाज वर निघून जातो, त्यामुळे वॅटचा आकडा दुप्पट धरलेला बरा. स्लॅबच्या घरात, गुळगुळीत फरशीवर तेवढी गरज पडत नाही.

घरी संच असेल तर आपली खरी गरज मोजताही येते. नेहमी जास्तीत जास्त जेवढ्या आवाजात ऐकता, तेवढ्यावर आवाजाचे बटण ठेवावे. मग ते न हलवता, ध्वनिमुद्रणात बसू शकणाऱ्या कमाल पातळीपेक्षा 12 डेसिबल खाली ध्वनिमुद्रित केलेला 220 हर्ट्झचा सलग स्वर काही सेकंद वाजवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर मोजावे. दोन्ही टोके एकमेकांना टेकणार नाहीत याची पूर्ण काळजी घ्यावी. 12 डेसिबल म्हणजे व्होल्टेजची चौपट, म्हणून मिळालेल्या आकड्याला 4 ने गुणावे, त्याचा वर्ग करावा आणि स्पीकरच्या ओहमने भागावे. मीटरने 3 व्होल्ट दाखवले तर 12 व्होल्ट झाले, त्याचा वर्ग 144, भागिले 8 म्हणजे 18 वॅट. माझ्या घरी आकडा याच्या जवळपास आला, तेव्हा मला स्वतःलाही आश्चर्य वाटले.

ओहमकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे पुष्कळ घरांत एक जोडी आतल्या खोलीत आणि दुसरी सोप्यात लावतात आणि दोन्हींच्या तारा एकाच टर्मिनलात पिळून घालतात. 8 ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की ॲम्प्लिफायरला 4 ओहम दिसतात, आणि 4 ओहमचे दोन जोडले तर 2. ज्याच्या मागच्या बाजूला ‘किमान 4 ओहम’ लिहिले आहे, तो ॲम्प्लिफायर 2 ओहमवर तापतो, बंद पडतो किंवा त्याचे ट्रान्झिस्टर जातात. स्पीकरवर काहीच छापलेले नसेल तर मल्टिमीटरने मोजावे. 8 ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो.

ॲम्प्लिफायरवरील ‘पीएमपीओ’ हा क्षणिक शक्तीचा फुगवलेला आकडा हिशोबात धरू नये. 8 ओहमला, दोन्ही चॅनेल चालू असताना, किती आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारे वॅट, आणि किती डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती बिघडलेला असताना, एवढेच विचारावे. 10 टक्के डिस्टॉर्शनचे 50 वॅट म्हणजे फाटलेल्या आवाजाचे वॅट. असेंबल केलेला ॲम्प्लिफायर असेल तर झाकण उघडून ट्रान्सफॉर्मरचा आकडा पाहावा. 24-0-24, 5 ॲम्पिअर असे असेल तर डीसी दोन्ही बाजूंना सुमारे 34 व्होल्ट होते, भारावर ट्रान्झिस्टरपर्यंत 30 व्होल्टच्या आसपास उरते आणि 8 ओहमला सुमारे 55 वॅट मिळतात. पुढच्या पट्टीवर हजार वॅट लिहिले तरी यात फरक पडत नाही. लहान डिजिटल ॲम्प्लिफायर बोर्डांचेही तसेच आहे. पाकिटावर ‘50 अधिक 50 वॅट’ असते, पण 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर 8 ओहमला 9 वॅटच्या वर काही मिळणे शक्य नाही. 24 व्होल्टवर तेच 36 वॅटपर्यंत जाते.

खेड्यांत आणखी एक अडचण येते. संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते, त्यामुळे 230 चे 190 व्होल्ट झाले की 50 वॅटचे सुमारे 34 उरतात. सकाळी स्वच्छ वाजलेले गाणे रात्री त्याच आवाजात फाटते ते यामुळेच. अशा ठिकाणी गरजेच्या दीडपट ताकदीचा ॲम्प्लिफायर घ्यावा.

86 ते 88 डेसिबलच्या, 8 ओहमच्या स्पीकरसाठी नेहमीच्या खोलीत 40 ते 60 खरे वॅट मी सुचवीन. स्पीकरची मर्यादा 80 वॅट असताना ॲम्प्लिफायर 100 वॅटचा असला तरी घाबरू नये. आवाज स्वच्छ राहील तेथपर्यंतच वाढवावा. बटण निम्मे फिरवले म्हणजे निम्मी ताकद वापरली, असे नसते; पुष्कळ ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजाच्या सीडीवर निम्म्या फेऱ्यातच मर्यादेला पोचतात. नवी जोडी लावल्यावर पहिल्या दिवशी ओळखीचे गाणे लावून बटण सावकाश चढवावे, झांज किंवा टाळ चिरका वाटू लागतो ती जागा शोधावी, आणि तिच्या थोडे अलीकडे पेन्सिलीने खूण करून घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावी.