पीएचपीत क्लासच्या मेथडमधून फाइल इन्क्लूड केली की तिचे व्हेरिएबल जातात कुठे?

नागपूरच्या कळमना मार्केटच्या संत्र्याचं दरपत्रक दाखवणारा क्लास घ्या. कन्स्ट्रक्टरमध्ये 'दर' नावाची फाइल रिक्वायर (म्हणजे इन्क्लूडच) केलीय, तिच्यात $दर हा अ‍ॅरे आहे. (पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही चालतं, कीवर्ड मात्र रोमनच लागतात; इथे return, require, $this, __DIR__ वगैरे फक्त वाचण्यासाठी देवनागरीत लिहिलेत.) छापा() मेथडमध्ये $दर वापरला की 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' येतं.

इन्क्लूड केलेल्या फाइलला स्वतःचा स्कोप (व्हेरिएबल जिथे दिसतात ती हद्द) नसतो, ती ज्या ओळीवर बोलावली तिथलाच स्कोप घेते. म्हणून $दर कन्स्ट्रक्टरपुरता लोकल होतो नि तिथेच संपतो. छापा() मध्ये 'ग्लोबल $दर' लिहूनही उपयोग नाही, तो ग्लोबल कधी झालेलाच नसतो. फाइलमधली फंक्शन्स आणि क्लास मात्र ग्लोबल होतात, त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा आली की 'कॅनॉट रिडिक्लेअर'.

उपाय सोपा: फाइलमध्ये व्हेरिएबल ठेवूच नका, अ‍ॅरे रिटर्न करा.

रिटर्न ['अंबिया' => 40, 'मृग' => 55];

क्लासमध्ये:

$धिस->दर = रिक्वायर __डिर__ . '/दर.पीएचपी';

इथे रिक्वायर_वन्स (फाइल एकदाच लोड करणारं) नको. पहिल्या वेळी अ‍ॅरे मिळेल, दुसऱ्या ऑब्जेक्टला नुसतं ट्रू. बहुतेकांचा वेळ इथेच जातो, कारण एकच ऑब्जेक्ट असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. __डिर__ही (ही ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिचं फोल्डर) गाळू नका. './दर.पीएचपी' चालू वर्किंग डिरेक्टरीत शोधली जाते. ब्राउझरमधून चालणारं पान क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवताना) पडतं ते यामुळेच.

टेम्पलेटचं (पानाचा एचटीएमएल साचा असलेल्या फाइलचं) गणित उलटं. तिथे मेथडमधले लोकल व्हेरिएबल फाइलला दिसायलाच हवे असतात, पण सोबत $धिस आणि प्रायव्हेट प्रॉपर्टीही उघड्या पडतात. ते नको असेल तर इन्क्लूड एका स्टॅटिक क्लोजरमध्ये (बिननावाच्या फंक्शनमध्ये) ठेवा, $धिस जातो. सेल्फ (म्हणजे तो क्लास) तरीही चालतो, तोही काढायचा तर क्लोजर::बाइंडला दुसरं-तिसरं आर्ग्युमेंट नल द्या. कंपोझरचा (पीएचपीच्या पॅकेज मॅनेजरचा) क्लासलोडर हेच करतो.

टेम्पलेटला डेटा देताना एक्स्ट्रॅक्ट() (अ‍ॅरेतल्या कीजचे व्हेरिएबल बनवणारं फंक्शन) वापरणार असाल तर एक्स्ट्र_स्किप (असलेला व्हेरिएबल बदलू नको) द्याच. नाहीतर डेटात 'फाइल' नावाची की आली की टेम्पलेटचं नाव ठेवलेला तुमचा $फाइल बदलतो आणि भलतीच फाइल इन्क्लूड होते. हा डेटा फॉर्ममधून आला असेल, तर ती फाइल कोणती हे बाहेरचा माणूस ठरवतो.