पाणंद रस्त्यावरचा पूल: सिव्हिलच्या मुलांकडून गटात डिझाइन कसं करून घ्यावं

गटप्रकल्पाला चार मजली आरसीसी इमारत देऊ नका. तिचे जुने रिपोर्ट ग्रंथालयात ढिगाने पडलेले असतात, स्टील सॉफ्टवेअर काढून देतं आणि पाचांतला एक जण रात्र जागून सगळं उरकतो. बाकीच्यांच्या वाट्याला बाइंडिंग. विषय असा हवा की एकाचा आकडा हलला की दुसऱ्याचं डिझाइन मोडलं पाहिजे. मराठवाड्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही: पाणंद रस्ता जिथे ओढा ओलांडतो आणि पावसाळ्यात शेताची वाट बंद पडते, ती जागा. (इमारतच हवी असेल तर नवी नको, किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात कोसळली तशा दगड-मातीच्या माळवदी घराचं बळकटीकरण द्या.)

जागा निवडताना पाणलोट 1 ते 3 चौरस किलोमीटरचा ठेवा. आयआरसी:एसपी:13 (इंडियन रोड्स काँग्रेसची छोट्या पुलांची मार्गदर्शिका) प्रमाणे 3 चौरस किलोमीटरपर्यंत पुलाच्या जागेचा एक आणि वर-खाली 100 मीटरवर एकेक असे ओढ्याचे तीन आडवे छेद चालतात. एवढं काम एका दिवसात होतं. सर्वेक्षण सप्टेंबरमध्ये करा. तेव्हा बाभळीच्या फांद्यांत अडकलेला कडबा आणि चिपाडं अजून जागेवर असतात, पुराची पातळी डोळ्यांना दिसते. शिवाय काठावरच्या दोन शेतकऱ्यांना वेगवेगळं विचारायला लावा. दोघांच्या सांगण्यात अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्याला विचारायचं, सरासरी काढायची नाही.

गट पाच जणांचा: सर्वेक्षण, पूर, माती व पाया, स्लॅब आणि भिंती, अंदाजपत्रक. प्रत्येकाने शेजारच्याचं काम तपासायचं. गणिताच्या प्रत्येक पानावर दोन सह्या, ‘केले’ आणि ‘तपासले’. एकच सही असलेलं पान परत.

ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) निघालेली फेरी सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेवर, बंद झालीच पाहिजे. 600 मीटरच्या (0.6 किलोमीटर) फेरीला 24√0.6, म्हणजे साधारण 19 मिलिमीटरची चूक चालेल. त्याहून जास्त आली तर ऑफिसात बसून आकडे जुळवण्याचा मोह मुलांना होतो, म्हणून फील्डबुकची पानं त्याच संध्याकाळी फोटो काढून मागवा.

पाणलोटाची हद्द 1:50,000 च्या टोपोशीटवर काढली तर 1.2 चौरस किलोमीटर म्हणजे कागदावर जेमतेम 4.8 चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा तुकड्यावर 20 मीटरच्या समोच्च रेषा काय सांगणार? हद्दीवरून पायी चालायला लावा. बांध आणि रस्त्याकडेच्या चरांनी पाणी भलतीकडे वळवलेलं असतं.

खरी गंमत पुराच्या आकड्यात आहे, इथे दोन आठवडे घालवले तरी वाया जात नाहीत. समजा पाणलोट 120 हेक्टर, ओढ्याची लांबी 2.2 किलोमीटर, दोन टोकांच्या उंचीतला फरक 10 मीटर. लांबच्या टोकाचं पाणी पुलापर्यंत पोचायला जवळपास एक तास. पर्जन्यमापकाचा आकडा मिळतो तो 24 तासांचा, समजा 120 मिलिमीटर. त्याला 24 ने भागून ताशी 5 मिलिमीटर धरणारा गट दरवर्षी निघतोच. त्या हिशेबाने ओढ्याला पूर कधी येणारच नाही. एसपी:13 च्या सूत्राने एका तासाचा पाऊस (120/24) × (25/2) = 62.5 मिलिमीटर येतो. पेरलेल्या रानासाठी गुणांक (पावसातला वाहून जाणारा वाटा) 0.4 धरला की 0.4 × 62.5 × 120 / 360 = 8.3 घनमीटर प्रति सेकंद.

फक्त पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पूर काढणाऱ्या डिकन्सच्या सूत्राने (गुणांक 12) तोच पूर 13.8 येतो. तिसरी पद्धत छेदावरून: क्षेत्रफळ 6.5 चौरस मीटर, ओली परिमिती 8.2 मीटर, उतार 280 ला 1, मॅनिंगचा n (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) 0.035, उत्तर 9.5. नियम असा की सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, पण तो त्याच्या खालच्याच्या दीडपटीहून मोठा नको. 9.5 ची दीडपट 14.25, म्हणून 13.8 चालतो. आता पात्रात बेशरम आणि वेडी बाभूळ माजलेली असेल तर n 0.05 होतो, छेदाचा पूर 6.7 वर उतरतो, दुसरा मोठा आकडा 8.3 ठरतो आणि डिझाइनचा पूर 12.5 वर अडतो. झुडपांचा फोटो कोणी काढला नसेल तर हा वाद मिटत नाही. गटाला भांडू द्या. काय ठरलं आणि का, ते एका पानावर लिहून घ्या.

13.8 ला 2.5 मीटर प्रति सेकंद वेग धरला तर 5.5 चौरस मीटर वाट लागते, म्हणजे 2 × 1.5 मीटरच्या दोन खणांचा काँक्रीटचा बॉक्स (पेटीसारखा छोटा पूल).

मातीचा नमुना वरवरचा नको, दीड मीटरवरचा घ्या. 425 मायक्रॉन चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत. एकात पाणी, एकात रॉकेल, 24 तास. पाण्यात 19 आणि रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर भरली तर फुगवटा 73 टक्के. अशा काळ्या मातीवर पाया टेकवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. 6 × 9 मीटरचा तळ 0.8 मीटर खाली गेला की 43 घनमीटर खोदाई वाढते, आणि अंदाजपत्रकवाला पहिल्यांदा मातीवाल्याशी बोलायला येतो. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीतले घ्यायला लावा. मागच्या वर्षीच्या रिपोर्टातले आकडे उतरवले असतील तर ते इथेच उघडे पडतात.

आठव्या आठवड्यात बदल द्या, आधी सूचना न देता: शेतकरी जमीन द्यायला तयार नाही, पूल 60 मीटर खाली सरकवा. पाणलोट फारसा बदलत नाही, छेद मात्र बदलतो. ज्यांनी 100 मीटर खालचा छेद नीट घेतला ते निभावतात. ज्यांनी तो अंदाजाने काढला त्यांना परत ओढ्यावर जावं लागतं. दुरुस्तीला दहा दिवस पुरतात.

शंभरातले 40 गुण रिपोर्ट आणि नकाशांना, 20 बदल कसा हाताळला त्याला, 40 तोंडी परीक्षेला. तोंडीत प्रत्येकाला त्याने केलेल्या पानावर नाही, तपासलेल्या पानावर विचारा. पुराचं पान तपासणाऱ्या मातीवाल्याला n का बदलला ते सांगता आलं नाही, तर त्या पानावर ‘तपासले’ म्हणून केलेल्या सहीचे गुण त्याचे जातात, पूर काढणाऱ्याचे नाहीत. हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. शेवटी सांगितला तर सह्या आधीच होऊन गेलेल्या असतात.