उभ्या गाडीची बॅटरी उतरत होती, दोष स्टिरिओच्या वायरिंगचा

बॅटरी चार्ज करून 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.2. म्हणजे बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही ठीक. तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करायचा. अशा वेळी नवी बॅटरी घेऊ नका, तीही उतरेल. आधी करंटची गळती मोजा, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो ते.

सगळं बंद करून निगेटिव्ह टर्मिनल काढा. मल्टिमीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या सॉकेटात घालून मीटर, काढलेली केबल आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्या मधे जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. दार उघडं लागणार असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे केबिनचा दिवा विझतो. अर्धा तास थांबा. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपायला वेळ घेतात. त्यानंतर 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. इथे 400 दिसले, म्हणजे दिवसाला जवळपास 10 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासाची बॅटरी किती टिकणार?

एकेक फ्यूज काढत गेल्यावर ऑडिओच्या फ्यूजला आकडा 30 वर आला. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची पिवळी वायर कायम सप्लायवर हवी, लाल इग्निशनच्या एसीसीवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सप्लायवर. दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेली होती, त्यामुळे स्टिरिओ रात्रभर जागा. लाल वायर एसीसीला सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली.