गिरणी कामगारांचे जुने छापील चित्र फ्रेम करताना या चुका टाळा

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर याचे 'बेल-टाइम' हे चित्र 'हार्पर्स वीकली' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात २५ जुलै १८६८ रोजी छापून आले. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरण्यांच्या गावी सुटीची घंटा झालेली आहे आणि बायका, पुरुष, पोरे जेवणाचे डबे हातात घेऊन घराकडे निघाली आहेत, एवढाच त्याचा विषय. हे किंवा याच जातीचे एखादे पान, बहुधा अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने आणलेले, माझ्याकडे फ्रेमसाठी अधूनमधून येते, आणि ज्यांचे बालपण गिरणीच्या भोंग्यावर गेले त्यांना हे घंटेचे चित्र का आवडते ते विचारावे लागत नाही. मात्र ज्या स्थितीत ही पाने येतात ती पाहून जीव हळहळतो, कारण चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पान पाठीमागून पूर्ण चिकटवणे. 'कागद सपाट दिसला पाहिजे' हा हट्ट बहुतेक गिऱ्हाइकांचा असतो आणि सुताराचा पांढरा गोंद व हार्डबोर्ड घेऊन तो दहा मिनिटांत पुरवणारे दुकानदारही पुष्कळ आहेत. मी हे नाक वर करून सांगत नाही, कारण धंद्यात पडलो त्या वर्षी मीही तेच केले होते. पान छान ताणून बसले, गिऱ्हाईक खूश झाले, आणि दोन पावसाळ्यांनंतर तीच फ्रेम परत आली तेव्हा कागदावर लाटा उठल्या होत्या आणि हार्डबोर्डाचा तपकिरी रंग कडांतून वर चढला होता. मी ओल्या स्पंजाने कागद सोडवायला बसलो आणि तेथे दुसरी चूक केली, कारण तो गोंद एकदा पक्का सुकला की पाण्याने सुटत नाही. कागद मधूनच उभा चिरला. वरचा पापुद्रा माझ्या हातात आला आणि खालचा बोर्डावरच राहिला, व त्या केसाळ पापुद्र्यातून मागच्या पानाची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. ते पान साप्ताहिकाचे असल्यामुळे दोन्ही बाजूंनी छापलेले होते, ही साधी गोष्ट मी चिकटवण्यापूर्वी लक्षात घेतली नव्हती. त्या गृहस्थांनी पैसे परत मागितले नाहीत, पण पुन्हा दुकानात आले नाहीत.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. वरच्या कडेला जपानी कागदाचे, म्हणजे पातळ पण चिवट कागदाचे, दोन छोटे तुकडे गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने लावायचे आणि पान अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) बोर्डावर त्यांच्याच आधाराने लोंबू द्यायचे. दमट हवेत कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. त्याला हलायला जागा लागते. थोडी लाट दिसली तर दिसू द्यावी. खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी सवय येथे नको, कारण कसर दूर राहते हे खरे असले तरी त्यातले तांबे पुढे कागदालाच खाते. मागची छपाई समोर उमटून दिसत असेल, तर पानाखाली अ‍ॅसिड-फ्री काळा कागद घालावा. चित्र किंचित गडद दिसते, पण मागची अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. ही युक्ती फुकट आहे आणि तरीही कोणी करत नाही.

दुसरी चूक कात्रीची. 'हार्पर्स'चे पान सुमारे ११ बाय १६ इंचांचे असते आणि माउंटसह, म्हणजे चित्राभोवती खिडकीसारखा कापून लावलेल्या पुठ्ठ्यासह, त्याला मोठी फ्रेम लागते, परंतु घरात तयार फ्रेम पडून असली की लोक पान कापून तिच्या मापाचे करतात. एका बाईंनी आणलेल्या पानावर डबे घेऊन चाललेली माणसे तेवढी उरली होती. खालचे शीर्षक आणि वरची तारखेची ओळ दोन्ही कापून गेल्या होत्या. आता ते चित्र कोणते, कधीचे, कोणत्या गावचे, हे पानावरून कोणालाही कळणार नाही. फ्रेम नवी करता येते, कडा नव्या करता येत नाहीत. मी माउंटची खिडकीसुद्धा शीर्षक आत राहील एवढी मोठी कापतो, मग गिऱ्हाइकाला ते 'मधे मधे येते' असे वाटले तरी चालेल.

काही पानांवर चित्राच्या आरपार जाणारी केसाएवढी पांढरी रेघ दिसते, आणि तिला ओरखडा समजून काळ्या पेनाने भरणारे उत्साही लोक आहेत. तो ओरखडा नव्हे. ही चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरत, आणि ते झाड बारीक असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टांनी जोडावे लागत. घाईच्या वेळी ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला देत आणि मग पुन्हा जोडत. तो सांधा सैल राहिला की तेवढ्या रेषेत शाई लागत नसे. म्हणजे गिरणीतल्या कामगारांच्या चित्रात छापखान्यातल्या कामगारांनी ठेवलेली ती खूण आहे, आणि मला तर ती चित्राइतकीच मोलाची वाटते. याच कारणाने मागे 'होमरने स्वतः कोरलेले' अशी चिठ्ठी लावू नये: होमरने रेखाटले, कोरणारे हात दुसरे होते.

बाकीच्या चुकांना एकेक वाक्य पुरे. सेलोटेप कागदाला कधीही लावू नये. रंगीत पान दिसले म्हणून जास्त किंमत मोजू नये, कारण ही पाने काळी-पांढरीच छापली गेली आणि रंग नंतर कोणीतरी भरलेला असतो. भिंगातून रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची नक्कल समजावी. तीही खुशाल लावावी, फक्त अस्सल म्हणून नव्हे. लॅमिनेशनबद्दल मी बोलत नाही.

काच कागदाला टेकू देऊ नये. माउंटच्या जाडीने मधे हवा राहते, आणि माउंट नको असेल तर कडेला बारीक पट्टी घालावी, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. ज्या भिंतीवर ऊन येते किंवा जिच्या पलीकडे न्हाणीघर आहे ती भिंत टाळावी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणे लावावीत, म्हणजे मागे वारा खेळतो. आणि जुलैमध्ये फ्रेम मागायला कोणी आले तर मी पान ठेवून घेतो, पावती देतो आणि दसऱ्यानंतर यायला सांगतो, कारण दमट कागद बंद केला की बुरशी आतच वाढते. निम्मी माणसे तेवढे थांबत नाहीत आणि पलीकडच्या दुकानात जातात.