जुन्या रंगीत स्लाइड स्कॅन करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक स्कॅनर सुरू करण्याआधीच होते. स्लाइड कोणत्या फिल्मची आहे हे न बघता अख्खा डबा एकाच सेटिंगवर स्कॅन केला जातो.

५० × ५० मिमीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बहुधा फिल्मचं नाव छापलेलं असतं. नसेल तर स्लाइड दिव्याखाली तिरकी धरा. एक बाजू सपाट, चकचकीत दिसेल, दुसरी इमल्शनची, म्हणजे चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराची. त्या बाजूला चित्राच्या कडा नाण्यावरच्या ठशासारख्या उठून दिसल्या तर ती कोडॅकची कोडाक्रोम फिल्म. कोडॅकच्याच एक्टाक्रोम फिल्मवर असा उठाव जवळजवळ नसतोच, आणि जुनी असेल तर ती बऱ्याचदा लालसर पडलेली असते. चौकटीवरचा महिना-वर्षाचा शिक्का फिल्म धुतल्याचा असतो. दिवाळीतल्या फोटोवर मार्चचा शिक्काही सापडेल, म्हणून तीच फोटोची तारीख समजून फाइलला नाव देऊ नका.

फिल्म ओळखायची ती स्कॅनरमधल्या ‘डिजिटल आइस’सारख्या धूळ काढणाऱ्या सोयीसाठी. इन्फ्रारेड किरण एक्टाक्रोमच्या रंगांतून आरपार जातात आणि धूळ, ओरखड्यांवर अडतात. अडलेली जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. कोडाक्रोममध्ये मात्र निळसर-हिरवा रंगच हे किरण अडवतो. मग चित्राचा गडद भाग कचरा समजून पुसला जातो: केसांच्या बटा लिंपल्यासारख्या होतात, साडीच्या काठावरची नक्षी विरते. कोडाक्रोमला ही सोय बंदच ठेवा. चांदीच्या कणांनी चित्र बनलेल्या कृष्णधवल स्लाइडलाही तेच. शंका असेल तर एकच स्लाइड दोन्ही प्रकारे स्कॅन करून १०० टक्के मोठी करून बघा.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या स्लाइडवर जाळ्यासारखी बुरशी दिसते. तिला पाणी लावू नका. बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं, ते पाण्यात सुटतं आणि चित्रही त्याबरोबर जातं. मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नको, उरलेलं पाणीच असतं. ९९ टक्क्यांचं घ्या, आधी टाकाऊ स्लाइडवर चाचणी करा, धागे न सुटणाऱ्या कापडाने अलगद टिपा. साध्या धुळीला रबरी ब्लोअर पुरे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण चिकटतात.

फ्लॅटबेडच्या, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरच्या, झाकणातली पांढरी गादी काढायची राहिली तर चित्र काळं येतं. स्लाइड बसवायच्या होल्डरची कॅलिब्रेशनची खाच (जिथून स्कॅनर आधी प्रकाश मोजून घेतो) झाकली गेली तर उभ्या रेघा येतात किंवा रंग बिघडतो.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयच्या (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) मागे लागू नका; फ्लॅटबेडची खरी ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ३५ मिमीच्या स्लाइडला ३२०० भरपूर, साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात. रंगांची जास्त माहिती राखणारी ४८-बिट टिफ फाइल ठेवा, प्रत्येकी ८० एमबीच्या आसपास जागा धरा. लाल पडलेल्या एक्टाक्रोमचे रंग दाबून लहान केलेल्या जेपेग फाइलवरून सुधारायला गेलात तर आकाशात पट्टे उमटतात.

चित्र आरशातल्यासारखं उलटं आलंय का, तेही तपासा. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लगेच सांगतात. पाटी नसेल तर पदर बघा: नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर दिसला तर स्लाइड पालथी घालून पुन्हा स्कॅन करा.