डॉक्टर, नर्स, फिजिओ, फार्मासिस्ट एकाच वर्गात: संयुक्त सत्र आपल्याकडे कसं बसवावं

परदेशातलं टीम-प्रशिक्षणाचं साहित्य एक गोष्ट गृहीत धरून चालतं: कनिष्ठाला काही खटकलं, तर तो बोलेल. अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी 2006 मध्ये आणलेला ‘टीमस्टेप्स’ अभ्यासक्रमही याच गृहीतकावर उभा आहे. डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या ‘सत्ता-अंतर’ या मोजमापात अमेरिकेला 40 गुण आहेत, भारताला 77. वरच्याच्या हाती जास्त अधिकार असणं खालच्यांना किती स्वाभाविक वाटतं, ते हा आकडा सांगतो. तो देशाची सरासरी आहे. समोर बसलेल्या विद्यार्थिनीवर त्याचा शिक्का मारू नका. मात्र सत्राची रचना करताना तो डोळ्यासमोर हवाच. नाहीतर दोन तास दोन भावी डॉक्टर बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

गट आठ जणांचा ठेवा: एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीचे प्रत्येकी दोन. एकटी नर्स गप्प बसते, दोघी असल्या की एक तरी तोंड उघडते. सगळे शेवटच्या वर्षाचे घ्या. एमबीबीएसचा इंटर्न आणि नर्सिंगची दुसऱ्या वर्षाची मुलगी एकत्र बसवली, तर व्यवसायाची उतरंड आणि वयाची उतरंड एकमेकींवर चढतात. नाशिकमध्ये आयुर्वेदाचे दोघे जोडून गट दहाचा करणं फायद्याचं. सुरगाणा-पेठकडच्या आरोग्य केंद्रांत पेशंट अनेकदा आधी त्यांच्याच हाताखाली येतो. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ या बहुतेक शाखांना एकाच छत्राखाली ठेवतं. फार्मसीचं वेळापत्रक मात्र सहसा वेगळं असतं, ते आधी विचारून घ्या. शाखांच्या परीक्षा आणि वॉर्ड-पोस्टिंग टाळून तारीख काढणं हेच खरं किचकट काम. सत्र क्षुल्लक वाटेल, पण तारीख महिनाभर आधी ठरली नाही, तर एक तरी शाखा गळतेच.

विभागप्रमुखांना बोलवा, दहा मिनिटांत दीपप्रज्वलन उरका आणि चहानंतर त्यांना निरोप द्या. ते खोलीत असेपर्यंत उत्तरं त्यांच्याकडे बघून येतात. सत्र चालवायला दोघं हवीत, वेगवेगळ्या व्यवसायांची, आणि सूत्रं आधी नर्सिंगच्या शिक्षिकेने हाती घ्यावीत. डॉक्टर सरांनी सुरुवात करून मग ‘आता सिस्टर दोन शब्द बोलतील’ असं म्हटलं, की पुढच्या दोन तासांचा क्रम तिथेच ठरून जातो.

भाषा मराठी ठेवा, औषधांची नावं इंग्रजीच. राज्याबाहेरचा कुणी असेल, तर हिंदी चालेल. इंग्रजीचा आग्रह धरला, की ज्याचं इंग्रजी सफाईदार त्याचं मत बरोबर ठरतं.

केस इथल्या मातीतली घ्या. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्याला धरून ऑर्गॅनोफॉस्फरस (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक प्रकार) विषबाधेची केस चपखल बसते, कारण तिच्यात प्रत्येकाला खरं काम आहे. अट्रोपिन हा त्यावरचा उतारा 3 मिलिग्रॅमने सुरू होतो आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट होतो. आपल्याकडचा नेहमीचा अँप्युल 0.6 मिलिग्रॅमचा. म्हणजे 5, मग 10, 20, 40: चौथ्या डोसपर्यंत, पंधरा मिनिटांत, 75 अँप्युल. ही बेरीज फार्मसीच्या विद्यार्थ्यालाच फळ्यावर मांडू द्या. साठ्याचा प्रश्न तो स्वतःच काढतो. स्राव, सक्शन आणि नंतर छातीची काळजी यात फिजिओची बाजू येते. पुढच्या टप्प्यात पेशंटला ताप चढतो, तो बरळू लागतो, आतड्यांचे आवाज थांबतात. अट्रोपिन जास्त झाल्याची ही लक्षणं. ती उशाशी उभ्या असलेल्या नर्सला आधी दिसतात, पण ऑर्डर डॉक्टरची असते. अख्खं सत्र या एका क्षणासाठी आहे, घाई करू नका.

केस वाचून झाल्यावर तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर नाव न घालता लिहायचं: आता काय करावं, आणि कशाची भीती वाटते. कागद एकत्र करून शिक्षिकेने मोठ्याने वाचावेत. मत मांडताना एमबीबीएसवाले शेवटी. ते आधी बोलले, की ‘सरांनी म्हटलं तसंच’ यापुढे गाडी जात नाही.

आक्षेप घ्यायची वाक्यं आधी घोकून घ्या, चढत्या क्रमाने. “सर, मला काळजी वाटतेय, ताप 102 आहे.” मग “सर, पुढचा डोस द्यायला मन घेत नाहीये.” मग “सर, पेशंटला धोका आहे, डोस थांबवूया आणि एकदा तपासा.” ‘सर’ काढून टाकायचा हट्ट नको. आदर राखून अडवता येतं, हे कळलं की मुली जास्त बोलतात. नावाने हाक मारायला लावली, तर सगळ्यांचं लक्ष त्या अवघडलेपणातच जातं. सराव प्रत्येकीकडून उभं राहून, दोनदा. समोरच्या ‘डॉक्टर’ने पहिल्या खेपेला खेकसायचं, दुसऱ्या खेपेला “बरं झालं सांगितलंत” म्हणायचं. दुसरं वाक्य डॉक्टरांनाही शिकावं लागतं.

एक भूमिका नातेवाइकाची ठेवा. आपल्याकडे निर्णय पेशंट एकटा घेत नाही. काका, सरपंच, शेजारी सगळे दारात असतात, आणि ते ‘मोठ्या डॉक्टरांनाच’ विचारतात. उत्तर नर्सने द्यायचं आणि डॉक्टरने तिला दुजोरा द्यायचा, एवढं साधलं तरी पुरे.

चुका सांगताना चौघांसमोर नाव घेऊ नका. ‘डोस कोणत्या मिनिटाला थांबायला हवा होता?’ असं विचारा. ज्याचं चुकलं त्याच्याशी नंतर बाजूला बोला. वर्गात पाणउतारा झालेला मुलगा पुढच्या सत्राला येत नाही, आणि त्याचे मित्रही येत नाहीत.

मूल्यमापनात बहुतेकजण रिपल्स ही इतर शाखांबरोबर शिकण्याची तयारी मोजणारी 19 विधानांची प्रश्नावली वापरतात. वापरा, पण निकालावर विसंबू नका. गुण देणाऱ्या शिक्षकाच्या हातात परत जाणाऱ्या कागदावर आपली मुलं सगळीकडे ‘पूर्ण सहमत’वर खूण करतात. त्यापेक्षा निरीक्षक कोपऱ्यात बसवा. न विचारता कोण बोललं, ऑर्डरवर प्रश्न कुणी केला, तो प्रश्न किती मिनिटांनी आला, याच्या रेघा त्याने ओढाव्यात. तीन आठवड्यांनी तोच गट नव्या केसवर पुन्हा बसवून त्या रेघा जुन्या कागदाशी ताडून पाहा. नर्सिंगच्या रकान्यात रेघा वाढल्या नसतील, तर केस बदलू नका, बोलण्याचा क्रम तपासा.