वंशावळीतली आणि वंशावळीबाहेरची माणसे : सीमाभागातील पूर्वजशोध

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत मूळ पुरुष राजघराण्यातला असल्याचे अभिमानाने सांगतात, तर गोव्याच्या वाटेवरच्या काही घरांत एखादी पणजी सिद्दी, म्हणजे आफ्रिकी, किंवा पोर्तुगीज वंशाची होती हे दबक्या आवाजात सांगितले जाते. दोन्हींचा शोध एकाच शिस्तीने घ्यावा, म्हणजे स्वतःपासून सुरुवात करून पुराव्यानिशी एकेक पिढी मागे जावे. राजापासून खाली उतरू लागले की आडनाव जुळताच नातेही जुळल्यासारखे वाटते. पण भोसले किंवा देसाई या आडनावाने राजवंश सिद्ध होत नाही, तसेच फर्नांडिस किंवा डिसोझा या आडनावाने युरोपीय रक्त सिद्ध होत नाही, कारण ही नावे बाप्तिस्म्याबरोबर असंख्य स्थानिक कुटुंबांना मिळाली.

घरातील वृद्ध स्त्रियांना आधी विचारावे. त्यांना माहेर-आजोळ ठाऊक असते आणि नेमके तेच वंशावळीत नसते. मग शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे व वारसा फेरफार पाहावेत. सुगीनंतर बैल घेऊन दारी येणारा हेळवी, म्हणजे वंशावळी सांगत फिरणारा, आपल्या घराण्याची नावे म्हणू लागला, तर ती त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावीत.

बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून जुने दप्तर महाराष्ट्रातही शोधावे लागते. आपले गाव कोणत्या अमलाखाली होते हे आधी ठरवावे. शहापूर, उदाहरणार्थ, सांगली संस्थानात होते. 1852 च्या कायद्यानंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करताना अनेक इनामदारांनी वंशावळी दाखल केल्या. त्यांसाठी पुणे पुराभिलेखागारात विचारणा करावी आणि मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा. मात्र ती वंशावळ हक्कासाठी लिहिलेली असल्याने तिच्यात मुली, नाटकशाळा (ठेवलेल्या स्त्रिया) आणि लेकवळे (त्यांची किंवा दासींची मुले) बहुधा गळलेले असतात. मिश्र वारसा याच गळलेल्या जागी असण्याचा संभव अधिक, म्हणून वाड्याचे खर्चाचे कागद, नेमणुका आणि देणग्याही चिकाटीने वाचाव्यात.

गोव्याकडचा धागा असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी पाहाव्यात. तिथे पित्याच्या जागी ‘पाय इंकॉग्निटो’, म्हणजे पिता अज्ञात, एवढेच आढळले तर आईचे नाव आणि धर्ममातापित्यांची नावे उतरवून घ्यावीत. पुढचा माग बहुधा त्यांतूनच लागतो. छावणीतल्या युरोपीय सैनिकांसाठी मुंबई इलाख्यातील चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आफ्रिकी पूर्वज म्हणजे आयुष्यभर गुलामच, असेही गृहीत धरू नये. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी होते आणि निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा होता. खानापूर-हल्याळच्या रानातील सिद्दी कुटुंबांकडे विचारणा करताना त्यांचा मान राखावा.

डीएनए चाचणी शेवटी करावी. पाच पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी तीन टक्केच उरतो आणि त्यावरून कोणत्याही राजाचे नाव कळत नाही. पितृवंशाची चाचणी बाप-लेकाच्या वाटेनेच मागे जाते आणि मातृवंशाची फक्त आईकडून आईकडे. त्यामुळे शंका वडिलांच्या आजीबद्दल, म्हणजे त्यांच्या आईच्या आईबद्दल असेल, तर मातृवंशाची चाचणी तुमची नव्हे, वडिलांची किंवा आत्याची करावी.